नवी चीज आणि तिजवरील अभिप्राय

शाळेच्या वार्षिक संमेलनांत जीं गाणीं ऐकावयास मिळतात, तीं बहुतेक दुसऱ्यांनीं रचलेलीं असतात, आणि तें योग्यच आहे. कारण जुन्या चिजा गळ्यांत मुरल्यावांचून नवी चीज बांधण्याची पात्रता कोणाच्याही अंगीं येत नाहीं. तथापि दर एक-दोन वर्षांनीं एखादा विद्यार्थी किंवा एखादी विद्यार्थिनी अशी निघते, कीं जी शिक्षकांजवळ येऊन भीतभीत म्हणते, "गुरुजी, ही चीज मी स्वतः बांधली आहे." मग ती चीज गाइली जाते, आणि तिच्यावर चार माणसें कांहींबाही बोलतात. त्या बोलण्याविषयींच प्रस्तुत लेखांत लिहावयाचें आहे. चीज बांधणें अवघड आहे हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु बांधलेल्या चिजेवर अभिप्राय देणें हें त्याहून फारसें सोपें नाहीं, आणि तो शांतपणें ऐकून घेणें तर दोहोंहून कठीण आहे, याचा विचार आमच्याकडे क्वचितच होतो.

अशा प्रसंगीं दोन तऱ्हा दिसून येतात. पहिली घरच्या मंडळींची. आई डोळे पुसते. बाबा मोबाइलवर गाणें टिपून घेऊन नात्यागोत्यांत धाडून देतात. आणि दिवेलागणीपर्यंत पुण्यामुंबईच्या काका-मामांकडून 'फारच सुंदर', 'घराण्याचें नांव काढलेंस' अशा वाक्यांचा पाऊस पडतो. दुसरी तऱ्हा जाणत्यांची. चीज पुरी होण्याच्या आधींच कोपऱ्यांतील कोणी गृहस्थ शेजाऱ्याच्या कानाशीं लागतात, हंसतात, आणि मग सर्वांस ऐकूं जाईल अशा आवाजांत म्हणतात, "अरे, आधीं अलंकार तरी नीट घोट, चिजा बांधणें हें उस्तादांचें काम!" वरवर पाहतां या दोन तऱ्हा एकमेकींच्या अगदीं उलट आहेत. परंतु आमच्या मतें त्यांत फरक फार थोडा आहे. दोन्ही पक्षांनीं चीज ऐकलेलीच नसते. एकानें मुलगा पाहिला, दुसऱ्यानें मुलाचें वय पाहिलें. चीज बिचारी मध्येंच राहिली.

आणि याचें फळ काय होतें तें शिक्षकांस ठाऊक आहे. एका संमेलनांत जिच्या चिजेवर असें हंसूं झालें, अशी एक मुलगी आम्हांस आठवते. ती पुढें गातच राहिली, परीक्षाही उत्तम रीतीनें उतरली. परंतु स्वतःचें म्हणून कांहीं तिनें पुन्हा कोणास ऐकविलें नाहीं. ती चीज सदोष होती यांत शंका नाहीं. पण त्यांतील दोष कोणता, हें तिला त्या दिवशीं कोणीं सांगितलें नाहीं, आणि म्हणून आपल्यांतच कांहीं दोष आहे असें तिनें धरून चालावें यांत नवल तें काय? उलट ज्याला 'फारच सुंदर' एवढेंच ऐकावयास मिळतें, त्याची दुसरी चीज पहिलीसारखीच होते, तिसरी दुसरीसारखी. आणि पुढें कधीं खऱ्या जाणकारापुढें जाण्याचा प्रसंग आला म्हणजे तो एका दिवसांत कोसळतो.

मग अभिप्राय म्हणजे काय? एक उदाहरण घेऊन पाहूं. समजा, नववींतील एका मुलानें भूपाळींत, त्रितालांत एक छोटीशी चीज बांधली. भूपाळींत मध्यम आणि निषाद हे दोन स्वर वर्ज्य. उरलेले पांच स्वर शुद्ध. त्यांत गंधार वादी आणि धैवत संवादी. मुलानें स्वर अगदीं बरोबर घेतले आहेत, एकही परका स्वर शिरूं दिलेला नाहीं, आणि तरीही ऐकणाराला सारखें वाटतें कीं ही भूपाळी नव्हे. असें कां व्हावें? तर तोच पांच स्वरांचा संच देशकार रागाचाही आहे. मात्र तेथें धैवत वादी आहे आणि सगळा विस्तार वरच्या अंगानें होतो. आमच्या या मुलाची अस्ताई धैवतावर येऊन थांबते, सम धैवतावर पडते, आणि अंतरा तर तार षड्जाभोंवतींच घुटमळतो. अर्थात् त्यानें भूपाळीचे स्वर घेऊन देशकाराचें घर बांधलें आहे. संध्याकाळचा राग म्हणून सुरू केला आणि सकाळ झाली!

आतां यावर तीन माणसांचे तीन अभिप्राय येऊं शकतील. पहिला म्हणेल, "छान." दुसरा म्हणेल, "ही भूपाळीच नव्हे. तुला राग कळत नाहीं." तिसरा म्हणेल, "बाळ, तुझी सम धैवतावर पडते म्हणून मला देशकाराचा भास झाला. हीच ओळ गंधारावर आणून गाऊन दाखव पाहूं." दुसऱ्याचें म्हणणें खोटें नाहीं, हें लक्षांत ठेवावें. तें खरेंच आहे. परंतु त्या खरेपणाचा मुलाला कांहीं एक उपयोग नाहीं, कारण त्यांत हात घालण्यास जागा नाहीं. तिसऱ्यानें जागा दाखविली: कोणती ओळ, कोणता स्वर, आणि ऐकणाराच्या मनांत काय झालें. शिवाय त्यानें 'तूं चुकलास' असें न म्हणतां 'मला असा भास झाला' असें म्हटलें. हा केवळ सभ्यपणा नव्हे. राग चुकला कीं नाहीं हें वादाचें असूं शकतें. पण ऐकणाराला देशकार भासला ही घटना आहे, आणि ती घडली नाहीं असें मुलाला म्हणतां येणार नाहीं.

रागापेक्षांही नवशिक्याची चूक शब्दांच्या जागीं अधिक होते, आणि तिच्याकडे जाणते लोकसुद्धां कानाडोळा करतात. मराठींत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद अर्थाचा भेद आहे. 'मन' या शब्दांतील पहिलें अक्षर चार मात्रा ताणलें कीं ऐकणाराला 'मान' ऐकूं येते. 'कळ' ताणली कीं 'काळ' होतो. आलापींत हें चालून जातें, कारण तोंवर शब्द एकदां कानावर पडून गेलेला असतो. परंतु मुखडा पुनःपुन्हा परत येतो, आणि दर वेळीं तोच शब्द तसाच मोडून येतो, तेव्हां चिजेचा अर्थच पांगळा होतो. तिसरी जागा समेची. मुखडा नवव्या मात्रेवरून, म्हणजे खालीवरून, उचलला तर समेपर्यंत आठ मात्रांचें अंतर मिळतें. एवढ्या अंतरांत शब्द कसे बसतात, आणि समेवर जें अक्षर पडतें तें वजनदार आहे कीं 'च', 'कीं', 'तो' असलें एखादें भरतीचें अक्षर आहे, हें पाहावें. समेवर भरतीचा शब्द म्हणजे पंगतींत पहिल्या पाटावर सर्वांआधीं रिकामें पान मांडण्यासारखें आहे. हीं तीन स्थळें, म्हणजे विसावा कोणत्या स्वरावर, शब्दांचें ऱ्हस्व-दीर्घ, आणि समेचें अक्षर, एवढीं जरी ऐकणाऱ्यानें नीट पाहिलीं तरी शाळेच्या चिजेवर बोलण्यास पुष्कळ झालें. बाकीचें सौंदर्य वगैरे पुढें.

कोणी म्हणतील, हें सर्व जाणणारे लोक आमच्या कामरगावांत कोठून आणावयाचे? हा प्रश्न आम्हांस खरा वाटत नाहीं. वऱ्हाडांतील गांवोगांवच्या भजनी मंडळांत बसलेल्या माणसांस शास्त्र वाचतां येत नसेल, पण त्यांचे कान शास्त्राचे आहेत. एकादशीच्या रात्रीं एखाद्या नव्या बुवानें ओळखीच्या अभंगाला नवी चाल लावली, आणि ती चाल ठेक्याला सोडून धांवूं लागली, तर टाळकरी एक अक्षर बोलत नाहींत. त्यांचे टाळ आपोआप मंदावतात, मृदंगवाला साधा ठेका धरतो, पेटीवाला षड्ज दाबून ठेवतो. बुवाला समजावयाचें तें समजतें. पुढल्या कडव्याला चाल जागेवर येते आणि टाळ पुन्हा भरांत वाजूं लागतात. याहून प्रामाणिक अभिप्राय कोणता? त्यांत अपमान नाहीं, खोटी स्तुति नाहीं, आणि सुधारण्याची संधि त्याच घटकेस दिलेली आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज (१९०९–१९६८) हे आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यांतील यावलीचे. त्यांनीं स्वतः पदें रचून खंजिरीवर गाइलीं तीं याच तऱ्हेच्या श्रोत्यांपुढें. जी चाल लोकांनीं उचलली नाहीं ती टिकली नाहीं, असा हा खुला बाजार आहे. आमचें म्हणणें इतकेंच, कीं गांवच्या मंडळींच्या कानांत जें आहे तें शाळेंतील मुलांकरितां थोडेंसें शब्दांत उतरावें.

दुसरा आक्षेप याहून जुना आहे: ज्याला स्वतः गातां येत नाहीं, त्यानें बोलूं नये. या आक्षेपानें संगीताचें नुकसानच केलें आहे. पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) हे व्यवसायानें वकील. मैफली गाजविणारे गवई नव्हते. त्यांनीं गांवोगांव फिरून उस्तादांजवळून चिजा मिळविल्या, स्वरलिपींत उतरविल्या, 'क्रमिक पुस्तकमालिके'च्या सहा भागांत छापिल्या, आणि 'चतुर' या नांवानें स्वतः लक्षणगीतेंही रचिलीं. रागांच्या लक्षणांविषयीं त्यांचीं मतें कित्येक गवयांस पटलीं नाहींत. कांहीं आजही पटत नाहींत. परंतु मत छापून पुढें ठेविल्यामुळें तें खोडून काढण्याची सोय झाली. बडोदें येथें १९१६ सालीं पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली ती याच हेतूनें, कीं विद्वान् आणि गवई यांनीं एका ठिकाणीं बसून रागरूपांविषयीं बोलावें. त्याच सुमारास पंडित विष्णु दिगंबर पलुसकर यांचें गांधर्व महाविद्यालय, जें लाहोर येथें १९०१ सालीं निघालें होतें, साध्या घरांतील मुलांमुलींस वर्गांत बसवून गाणें शिकवीत होतें. वर्ग म्हटला म्हणजे एकाचें गाणें दुसऱ्यानें ऐकणें आलेंच. ज्या विद्येचा एके काळीं बंद दाराआड व्यवहार होत असे, तिच्यावर मोकळेपणानें बोलतां येतें, हा शोध महाराष्ट्रानें गेल्या सवाशें वर्षांत लावलेला आहे. तो आमच्या घरापर्यंत अद्याप पुरता पोंचलेला नाहीं, एवढेंच.

या बोलण्याला ज्यांनीं मराठींत रूप दिलें त्यांपैकीं एक गृहस्थ आपल्याच बाजूचे. केशवराव भोळे यांचा जन्म १८९६ सालचा, अमरावतीचा. 'आंधळ्यांची शाळा' या १९३३ सालच्या नाटकाचें आणि 'संत तुकाराम' या १९३६ सालच्या बोलपटाचें संगीत त्यांचें, हें पुष्कळांस माहीत असतें. परंतु त्यांनीं 'एकलव्य' व 'शुद्ध सारंग' या नांवांनीं नामांकित गवयांच्या गायकीचें जें परीक्षण केलें, तें आमच्या विषयाला अधिक जवळचें आहे. मोठ्यांचें नुसतें गुणगान करावयाचें नाहीं आणि निंदाही नाहीं, तर त्यांच्या गाण्यांत प्रत्यक्ष काय घडतें तें सांगावयाचें, हा त्यांचा बाणा.

येथें एक शंका निघते. भोळ्यांनीं टोपणनांवानें लिहिलें, तर मग मुलांच्या चिजांवर निनांवी चिठ्ठ्या टाकण्यास काय हरकत? आमची हरकत आहे, आणि ती सक्त आहे. टोपणनांव हें नांवच असतें. तें आठवड्यामागून आठवडे तेच राहतें, त्याची एक पत निर्माण होते, आणि त्याला उत्तर देतां येतें. पेटींत पडलेल्या चिठ्ठीला बाप ना आई. ज्यानें 'आवाज घोगरा आहे' असें लिहिलें तो उद्यां वर्गांत शेजारीच बसणार, आणि बिचाऱ्या मुलानें प्रत्येकाच्या तोंडाकडे संशयानें पाहावयाचें, हें शिक्षण नव्हे. विशेषतः वयांत येणाऱ्या मुलांचा कंठ फुटत असतो तेव्हां आवाजावर बोलूंच नये. चीज आवाजाहून वेगळी आहे, आणि गळा ठीक नसेल तर ती दुसऱ्याकडून गाववून घ्यावी.

ज्या विद्यार्थ्यांस मिशनच्या शाळेंतून पाश्चात्य संगीताचीही थोडी ओळख होते, त्यांच्याकरितां त्या देशांतील दोन गोष्टी सांगतों. १८५६ सालीं योहानेस ब्राम्स आणि योसेफ योआकिम या दोघां तरुणांनीं एक करार केला. दोघेही पंचविशीच्या आंतबाहेरचे. एक रचनाकार म्हणून पुढें येत असलेला, दुसरा व्हायोलिनवादनांत आधींच नांवाजलेला. करार असा, कीं ठराविक मुदतींत प्रत्येकानें स्वरजुळणीचे अभ्यासपाठ रचून टपालानें दुसऱ्यास धाडावेत, दुसऱ्यानें ते तपासून टीकेसह परत करावेत, आणि जो धाडण्यास चुकेल त्यानें दंड भरावा. त्या पैशांतून दुसऱ्यानें पुस्तकें विकत घ्यावींत. दंडाची ही कल्पना आम्हांस फार आवडते! पण खरी गंमत पुढें आहे. बावीस वर्षांनीं, १८७८ सालीं, ब्राम्सनें आपली व्हायोलिनची मोठी रचना लिहिली तेव्हां ती याच मित्राकडे तपासण्यास धाडली. योआकिमनें वादकाच्या हाताच्या दृष्टीनें सूचना केल्या. ब्राम्सनें कांहीं घेतल्या, कांहीं बाजूस ठेविल्या. मैत्री त्या कामावरून बिघडली नाहीं. विशीच्या वयांत एकमेकांचे पाठ तपासण्याची जी संवय लागली, तिच्यावर हें सर्व उभें होतें.

दुसरी गोष्ट इतकी गोड नाहीं. १८७४ सालच्या नाताळच्या आदल्या सायंकाळीं रशियन रचनाकार चायकोव्हस्की यानें आपली पियानोची नवी रचना मॉस्कोच्या संगीतविद्यालयाचा प्रमुख निकोलाय रुबिनस्टाइन याला वाजवून दाखविली. रुबिनस्टाइन प्रथम गप्पच राहिला. मग त्यानें ती कृति मोडकी, उसनी आणि वाजविण्यास अशक्य म्हणून झोडपून काढली. चायकोव्हस्कीनें एकही स्वर बदलणार नाहीं असें सांगितलें आणि तशीच ती छापावयास दिली. हान्स फोन ब्यूलो यानें ती १८७५ सालीं अमेरिकेंत बॉस्टन येथें प्रथम वाजविली, आणि ती गाजली. येथवर ही कथा सर्वजण सांगतात, आणि तिच्यावरून 'टीकाकारांकडे लक्ष देऊं नये' असा सिद्धांत काढतात. परंतु पुढला भाग सोडून देतात. चायकोव्हस्कीनें पुढें स्वतःच पियानोच्या भागांत फेरफार केले, आणि रुबिनस्टाइननेंही आपला विरोध सोडून तीच रचना लोकांपुढें आणली. शिवाय त्या सायंकाळची हकीकत आपणांस कळते ती चायकोव्हस्कीच्या, तीन वर्षांनंतरच्या, पत्रावरून; रुबिनस्टाइनची बाजू त्यांत नाहीं. टीकेचा घाव बसलेला मनुष्य शब्द न् शब्द लक्षांत ठेवतो, पण सगळेच शब्द नेमके तसेच होते कीं नाहीं, हें सांगणें कठीण. आम्हांस यांत महत्त्वाचें दिसतें तें हें, कीं त्या क्षणीं 'नाहीं' म्हणण्याचा अधिकार रचनाकाराला होता, आणि सवडीनें 'होय' म्हणण्याचाही. मुलांनीं उत्तर देण्याची घाई करूं नये तें यासाठींच. अभिप्राय ऐकावा, लिहून घ्यावा, आणि आठ दिवस गप्प राहावें. आठ दिवसांत रागही उतरतो आणि कानही उघडतात.

मराठी ख्रिस्ती समाजाच्या उपासनेंतील गाण्यांचा इतिहास हाही एका परीनें अभिप्रायाचाच इतिहास आहे. आरंभीं विलायती चालींवर मराठी शब्द बसवून गीतें गात असत. विलायती चालींत जोर ठराविक जागीं पडतो; मराठी अक्षरांचें ऱ्हस्व-दीर्घ त्या जागांशीं जुळेलच असें नाहीं; त्यामुळें मघां सांगितलेलें 'मन' आणि 'मान' यांचें भांडण तेथें पदोपदीं होई. अहमदनगरकडे कृष्णराव सांगळे यांनीं कीर्तनाची देशी पद्धति ख्रिस्ती कथानकास लाविली. पुढें रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनीं अभंग, ओवी आणि देशी चालींवर जीं गीतें रचिलीं तीं खेड्यापाड्यांतील मंडळ्यांनीं तोंडपाठ केलीं. एका मासिकानें टीका केली आणि सुधारणा झाली, असें हें नव्हे. मंडळींच्या जिभेनें एक गाणें घेतलें आणि एक टाकलें. रचणाऱ्यांनीं तें ऐकलें. पवित्र शास्त्रांतील कित्येक स्तोत्रांच्या माथ्यावर तें मुख्य गवयाच्या स्वाधीन केल्याचा निर्देश आहे, हें ज्यांनीं वाचलें असेल त्यांच्या ध्यानांत येईल कीं रचना दुसऱ्याच्या हातीं सोंपविण्याची ही रीत किती पुरातन आहे.

भोळ्यांच्या 'संत तुकाराम'ची गोष्ट निघालीच आहे, तर तींतील एक अभंग शांताराम आठवले यांनीं नव्यानें लिहिला होता, आणि तो इतका बेमालूम उतरला कीं चांगले जाणते लोक तो तुकोबांच्या गाथ्यांत शोधूं लागले. नांव झांकलेलें असलें म्हणजे कान किती निर्मळ होतात पाहा! म्हणून कांहींजण सुचवितात कीं मुलांच्या चिजाही नांव न सांगतां ऐकवाव्यात. मोठ्या शहरीं हें जमेल. कामरगावांत कोणाचें पोर गाणें शिकतें आणि कोणाकडे पेटी आहे हें शेंबड्या पोरालाही ठाऊक असतें. तेथें नांव झांकून कोण फसणार?

परंतु नांव ठाऊक असल्याचा जो खरा धोका आहे तो वेगळा. तो असा, कीं कोणाच्या गाण्याकडून काय अपेक्षावें हें आपण आधींच ठरवून ठेवतों. मूर्तिजापूर येथें १९२० सालीं जन्मलेले वसंतराव देशपांडे यांनीं नागपुरास आणि पुढें लाहोरपर्यंत जाऊन अनेकांजवळून विद्या घेतली. त्यामुळें त्यांची गायकी कोणत्याही एका घराण्याच्या चौकटींत बसेना, आणि बसेना म्हणूनच कित्येक जाणकार दीर्घकाळ त्यांच्याविषयीं साशंक राहिले. 'कट्यार काळजांत घुसली' या नाटकांत खांसाहेबांची भूमिका करून त्यांनीं सगळा महाराष्ट्र जिंकला तें साल १९६७. त्या वेळीं त्यांचें वय सत्तेचाळीस होतें. चौकट आधीं आणि ऐकणें मागून, असें केलें म्हणजे वऱ्हाडच्या मातींतला एवढा मोठा गवईसुद्धां पुरता ऐकूं येत नाहीं. मग नववींतल्या पोराची काय कथा! हें पोर कोणत्या घरचें, कोणत्या आळीचें, त्याचे वाडवडील काय करीत, शिकवणी कोणाकडे, हें सर्व ऐकणाराच्या कानांत आधींच भरलेलें असतें. ज्या घरांत पूर्वीं गाणें नव्हतें त्या घरच्या मुलाची चीज चांगली निघाली तर 'कोठून उचललीस?' असें विचारण्याचा मोह आवरावा. उचललेली असली तर ती ओळख दाखवून सांगावी: अमक्या चिजेचा मुखडा यांत आला आहे. नवशिके सर्वच उचलतात, कळत-नकळत. त्यांत चोरी नाहीं, पण ओळख करून घेतलीच पाहिजे. 'मानापमान' आणि 'स्वयंवर' या नाटकांच्या चाली बांधतांना गोविंदराव टेंबे आणि भास्करबुवा बखले यांनीं जुन्या चिजांचा आधार मोकळेपणानें घेतला, हें कोणीं लपविलें नाहीं.

पालकांना एक विनंति आहे, आणि ती थोडी कडक वाटली तरी चालेल. मुलाची चीज तयार होतांच ती मोबाइलवरून चहूंकडे धाडूं नये. कच्चा आंबा बाजारांत नेला तर त्याला भाव येत नाहीं आणि झाडावर पुन्हा चिकटवतांही येत नाहीं. ती आधीं घरांत दहा वेळां ऐकावी. ज्यांना राग कळत नाहीं त्यांनीं तसें स्पष्ट सांगून एवढेंच करावें: दुसऱ्या दिवशीं सकाळीं कामांत असतांना चिजेचा जो तुकडा आपोआप ओठांवर येईल तो मुलाला गुणगुणून दाखवावा, आणि कांहींच न आल्यास तेंही सांगावें. आईच्या ओठांवर अंतरा आला आणि मुखडा आला नाहीं, ही माहिती कोणत्याही परीक्षकाच्या गुणांपेक्षां मुलाला अधिक उपयोगी आहे. आणि ती देण्यास शास्त्राचें एक अक्षर लागत नाहीं.

शाळेकडून काय व्हावें? संमेलनाच्या दिवशीं नव्हे, तर त्यानंतरच्या एखाद्या शनिवारीं, सकाळची शाळा सुटल्यावर एक तास या कामास द्यावा, असें आमचें मत आहे. संमेलनांत पाहुणे असतात, हार असतात, बक्षिसें असतात. तेथें खरें बोलणें होत नाहीं. शनिवारच्या तासाला बक्षीस मुळींच असूं नये. चीज दोनदां गावी. कारण पहिल्या खेपेस ऐकणारा गायक ऐकतो, चीज दुसऱ्या खेपेस ऐकतो. ज्याला बोलावयाचें असेल त्यानें आधीं मुखडा स्वतः गुणगुणून दाखवावा, बेसूर झाला तरी चालेल. ज्याला तो आठवतच नाहीं त्यानें बोलूं नये. ही एक अट घातली तरी निम्मी पाल्हाळ बंद होईल! गांवांतील भजनी मंडळांतले कोणी जुने टाळकरी किंवा पेटीवाले आजोबा येत असतील तर त्यांस मानानें बोलवावें. मात्र त्यांनाही अट तीच. शिक्षकांनीं सर्वांत शेवटीं बोलावें, कारण ते आधीं बोलले कीं मुलें त्यांचाच अभिप्राय आपापल्या शब्दांत म्हणतात.

कुमार गंधर्व यांनीं १९६५ सालीं आपल्या बंदिशी 'अनूपरागविलास' या पुस्तकांत स्वरलिपीसह छापिल्या, त्यामुळें ज्यांना त्या पटल्या नाहींत त्यांनाही कोठें पटल्या नाहींत हें बोट ठेवून दाखवितां आलें. शाळेलाही तसेंच एक साधन हवें. भातखंडे यांच्या लिपींत कोमल स्वराखालीं आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र सप्तकाला खालीं बिंदु आणि तार सप्तकाला वर बिंदु, समेला गुणाकाराची खूण आणि खालीला शून्य, एवढें शिकलें म्हणजे शाळेची चीज लिहितां येते. आठवड्याचें काम आहे. जाड पुठ्ठ्याची एक वही घ्यावी. डाव्या पानावर चीज, रचणाऱ्याच्या नांवासह आणि तारखेसह; उजवें पान कोरें सोडावें, त्यावर ज्यानें त्यानें आपलें नांव घालून अभिप्राय लिहावा, आणि आठ दिवसांनीं रचणाऱ्यानें त्याखालीं काय बदललें आणि काय बदललें नाहीं तें लिहावें. ही वही वाचनालयांत कुलपांत न ठेवतां पेटीजवळच ठेवावी, म्हणजे पुढल्या वर्षींच्या मुलांस ती उघडून वाजवून पाहतां येईल.